८२१९ नंबरची बेल

आईच्या बेलचा प्लग मी काढला होता. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिताना धीर सुटला आणि मी नेहमीसारखी गोष्ट फिरवायला लागलो, तर निदान एवढं तरी वाचणाऱ्याच्या हातात राहील. बॅटरी संपली नव्हती, बेल बिघडली नव्हती. प्लग मी काढला, याच हाताने. आणि त्याच दुपारी मी याहून वाईट एक गोष्ट केली, ती ओघात येईल.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. बंद पडलेली गाडी, रस्त्यात उभी असलेली बाई, सकाळी कळतं की ती केव्हाच गेलेली... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येक गोष्टीचं ‘खरं कारण’ सांगायचो. माझा धंदाच तो आहे. मशीन विचित्र वागलं की कारण शोधायचं. कधी उशिरा सापडलं असेल, पण सापडलं नाही असं कधी झालं नव्हतं.

आम्ही मीरा रोड पूर्वेला बाराव्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट. पॅसेजच्या एका टोकाला आईची खोली, दुसऱ्या टोकाला आमची. तिथेच खिडकीशी माझं टेबल, कारण मी घरूनच काम करतो. मधे बाथरूम. नीट हाक मारली तर इकडून तिकडे ऐकू जावी एवढंच अंतर. पण पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आईचा आवाज खोल गेला होता. म्हणून मी एक वायरलेस बेल आणली. बटण नाडीने तिच्या पलंगाला बांधलेलं आणि बेलचा डबा माझ्या टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये. आवाज चिमणीचा.

आई ती बेल एका ठरावीक पद्धतीने वाजवायची. लागोपाठ दोनदा, मग थांबून एकदा. याचं मूळ भाईंदर पूर्वेच्या आमच्या जुन्या खोलीत आहे. बाबा रत्नागिरीहून आले तेव्हा घेतलेली खोली. बाबा फिरतीवर, आई कामावर, मी एकटा घरात. आईचा नियम होता – कडी लागोपाठ दोनदा आणि मग थांबून एकदा वाजली, तरच उघडायची. म्हणजे घरचं माणूस. बाकी कोणी कितीही ठोठावलं तरी गप्प बसायचं. मी मोठा झालो, लग्न झालं, फ्लॅट झाला, दारावर बेल आली, तरी आमच्या घरचं कोणी आलं की तसंच वाजवतं. मेघना, माझी बायको, तीही तेच शिकली.

आता माझं काम थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा आभासी कॉम्प्युटर उभा करता येतो – व्हर्च्युअल मशीन. बाहेरच्या एखाद्या उपकरणाला, म्हणजे डिस्कला, नेटवर्कला, घड्याळाला, त्याचं लक्ष वेधायचं असलं की ते बेल वाजवतं. आम्ही त्याला इंटरप्ट म्हणतो. प्रत्येक बेलला नंबर असतो. तो हार्डवेअरच्या एका रजिस्टरमध्ये येतो – चौकोनांची एक लांब ओळ समजा, त्यातले काही चौकोन नंबरचे आणि बाकीचे दुसऱ्या कामांचे. नेमका नंबर वाचायला त्या ओळीवर खिडकी कापलेली एक पट्टी ठेवायची. तिला मास्क म्हणतात. आमची खिडकी जुन्या हार्डवेअरच्या मापाची, दहा चौकोनांची होती. नव्या हार्डवेअरमध्ये नंबर मोठे झाले, खिडकी तेवढीच राहिली. मग मोठ्या नंबरचा पुढचा भाग कापला जायचा आणि उरलेला भाग भलत्याच उपकरणाचा नंबर निघायचा. इंटरकॉमवर कोणी बाराशे चार दाबावं आणि बेल तळमजल्यावरच्या चार नंबरात वाजावी, तसं. वाजवणारा वाट बघत उभा, ज्याच्याकडे वाजली तो वैतागलेला, आणि ज्याला बोलावलं त्याला पत्ताच नाही.

ती खिडकी रुंद करायचं काम माझ्याकडे होतं. बदल एका ओळीचा. पण खिडकी चुकून शेजारच्या चौकोनांवर गेली तर सगळंच कोसळणार, म्हणून मिटिंगांवर मिटिंगा. त्यातलीच एक त्या गुरुवारी दुपारी होती.

आईला सांभाळायला सुनंदा होती. रायगडकडची, राहायला भाईंदर पूर्वेला. सकाळी यायची, संध्याकाळचं जेवण भरवून जायची. आईशी तिचं छान जमायचं. आई तिला “माझी सून नंबर दोन” म्हणायची, आणि मेघना शाळेत शिकवून आली की सुनंदा म्हणायची, “ताई, आज मी पहिल्या नंबरवर आहे हां, आजींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

मिटिंगच्या आधी मी तिला बोलावलं. माझा चष्मा स्टेशनजवळ दुरुस्तीला दिलेला होता. जुना लावून स्क्रीनवरचं धड दिसेना.

“सुनंदा, जरा जाऊन आणतेस का? शेअर रिक्षाने जा.”

“आत्ता? संध्याकाळी जाता-येता आणला तर?”

“आत्ता पाहिजे गं. मिटिंग आहे.”

ती चप्पल घालता घालता म्हणाली, “मग साहेब, बेलकडे लक्ष ठेवाल ना? आजींना बाथरूमला जायचं झालं की दम धरवत नाही त्यांना. डायपर लावला तरी ऐकत नाहीत.”

“हो गं बाई. जा तू.”

मिटिंग सुरू झाली. थोड्या वेळाने चिमणी बोलली. दोन, मग एक. कोणीतरी हसलं, “सर, चिमण्या पाळल्यात का?” मी हसलो. परत वाजली. मी माईक बंद केला, दारात जाऊन ओरडलो, “आई, पाच मिनिटं! आलोच!” आणि परत येऊन बसलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा माझीच पाळी होती, खिडकी किती रुंद करायची ते सगळ्यांना समजावून सांगत होतो. बोलता बोलता मी वाकलो आणि प्लग ओढून काढला. मोबाईल सायलेंटवर टाकतात तितक्या सहज.

पाच मिनिटांत मी उठलो नाही. मिटिंग लांबली, मग दोघे-तिघे थांबून गप्पा मारत राहिलो. चहाच्या वेळेला पॅसेजमध्ये आलो तर आई बाथरूमच्या दारात पडलेली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. साडी ओली. पलंगावरून निघताना तिने नाडी सोडवून बटण सोबत घेतलं होतं. ते तिच्या मुठीत होतं. तिचा अंगठा हलत होता. ती अजूनही बेल वाजवत होती.

मी आधी तिला उचललं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खोटं आहे. आधी मी मागे वळलो, खोलीत गेलो आणि प्लग लावला. लावल्याबरोबर चिमणी बोलली. दोन. मग थांबून एक. त्यानंतर मी तिला उचललं.

खाली लॉबीत अँब्युलन्सचं स्ट्रेचर, बिल्डिंगमधली माणसं, वॉचमन, सेक्रेटरी. माझ्या फोनवरून मेघना शाळेतून धावत आलेली. तिने विचारलं, “सुनंदा कुठे होती?”

मी म्हणालो, “खाली गेली होती. न सांगता.”

कसं सुचलं, माहीत नाही. विचार करावा लागला नाही, हे मात्र नक्की आठवतं.

आणि तेवढ्यात सुनंदा गेटमधून आत आली. रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत आलेली, घामाघूम. स्ट्रेचर बघून तिच्या तोंडून “आजी!” एवढंच निघालं. मेघना पुढे झाली आणि तिने सुनंदाच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर.

“म्हातारं माणूस टाकून भटकायला जातेस?”

सुनंदाने गालाला हातही लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “साहेब... तुम्हीच पाठवलंत ना?” आणि हातातली चष्म्याची डबी पुढे केली.

मी डबी घेतली, खिशात टाकली. म्हणालो, “चष्मा संध्याकाळी घरी जाताना आण म्हणालो होतो. मधेच जा असं कधी म्हणालो मी?”

सेक्रेटरी म्हणाला, “अरे, इन लोगों का यही है. वॉचमन, इसकी एंट्री बंद करो.” कोणीतरी तिचा फोटो काढला. रात्रीपर्यंत तो आमच्याच नाही, आजूबाजूच्या दहा सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता – ‘सावध राहा, ही बाई पेशंटला सोडून जाते.’ मी तो वाचला. खाली माणसं हात जोडल्याची चित्रं टाकत होती. मीही एक टाकलं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला, आणि ती हळूहळू गेली. मधे एकदा शुद्धीवर होती तेव्हा मला म्हणाली, “बेल वाजवली रे मी... वाजली नाही का?”

“नाही आई. बॅटरी गेली होती.”

तिने आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, “माझ्याच बोटात जोर नाही रे राहिला. तुझी चूक नाही. सुनंदाला पण बोलू नका.”

मी मान हलवली. तिने माझ्या तळहातावर अंगठ्याने दाबलं. दोनदा. मग एकदा. मी हात काढून घेतला – नर्स येतेय असं म्हणालो. नर्स येत नव्हती.

दिवसकार्य झालं. सुनंदा गेटपर्यंत आली होती, वॉचमनने सोडली नाही. तिचे फोन यायचे, मी नंबर ब्लॉक केला. आणि कामाला लागलो.

खिडकीचं काम तसंच पडलेलं होतं. आम्हा दोघांकडे चाचणीसाठी नव्या हार्डवेअरचा एकेक बोर्ड होता – मी आणि पुण्याचा अनिकेत, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, जिभेने तिखट. तो म्हणाला, “सर, तुमच्या बोर्डाला कसली घाई झालीय? आतल्या मशीनचं घड्याळ पुढे पळतंय. कोणीतरी जादा टिचक्या मारतंय त्याला.”

“कधीपासून?”

“तुमच्या आई पडल्या ना... त्या गुरुवारपासून. माझ्या बोर्डवर काही नाही, फक्त तुमच्याकडे.”

मी मनाला लावून घेतलं नाही. कारण उघड होतं – एखादी मोठ्या नंबरची बेल कापली जाऊन घड्याळाच्या नंबरावर आदळत असणार. खिडकी रुंद केली की कळेल कोणाची ते. केली. दहाची सोळा. घड्याळ त्याच दिवशी ताळ्यावर आलं. आणि आता पूर्ण नंबर दिसायला लागला – ८२१९. पुढचा भाग कापला की घड्याळाच्या बेलचा २७ उरतो, हिशोब चोख. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ८२१९ हा नंबर कुठल्याच उपकरणाला दिलेला नव्हता. त्या नंबरच्या मागे कोणी नव्हतंच.

अशा वेळी मी बोर्डावरचा बारीक लाल दिवा त्या नंबराला जोडतो. बेल आली की दिवा लुकलुकणार. जोडला आणि चहा घेऊन बसलो. दुपारची वेळ, घरात मी एकटा, पॅसेजच्या टोकाला आईच्या खोलीचं दार बंद.

दिवा लागला. दोनदा, लागोपाठ. मग थांबला. मग एकदा.

खिशातून चष्मा काढून लावला. तोच चष्मा. परत बघितलं. दोन. एक.

मी कारण शोधायला लागलो, कारण तेच मला येतं. वायर बदलल्या, वीज दुसऱ्या खोलीतून घेतली. वायरलेस बेलच्या लहरी पकडत असेल म्हणून बेलचा डबा आणि बटण दोन्ही फोडून कचऱ्यात दिले. दिवा चालूच. बोर्ड पुण्याला पाठवला, अनिकेतकडे तो मुक्यासारखा बसून राहिला. परत आला, टेबलावर ठेवला, दुपार झाली... दोन, एक. सगळं सांगितल्यावर अनिकेत म्हणाला, “सर, भूत असेल. विचारा त्याला काय पाहिजे, तक्रारीचं तिकीट उघडून देतो.” मी त्याच्यावर इतका ओरडलो की तो पुढे दोन दिवस फक्त मेसेजवर बोलला.

मग मी ८२१९ बंद केला. एक ओळ लिहून तो नंबर ऐकायचाच नाही असं मशीनला सांगता येतं. दिवा विझला. मला जी शांतता वाटली ती लिहायची लाज वाटते. दुसऱ्यांदा प्लग काढला होता मी.

पण हार्डवेअरचा एक नियम असतो. बेल ऐकायची नाही असं तुम्ही ठरवलंत तरी ती पुसली जात नाही. तिच्या नावाचा एक चौकोन असतो, त्यात ‘बाकी आहे’ अशी खूण, म्हणजे ‘एक’ हा आकडा, उभा राहतो. वाट बघत. मी रोज स्क्रीनवर तो एक पुसायचो. रोज दुपारी तो परत आलेला असायचा.

असे आठेक दिवस गेले. एका संध्याकाळी मेघना भाजी घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, “आज भाईंदरला कोण दिसली माहितेय? ती सुनंदा. काय अवतार झालाय. इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात खडे चिकटवते म्हणे. पेशंटचं काम कोणी देत नाही. माझ्यासोबत भाजी घेणारी बाई तिच्या शेजारची निघाली. ती बोलली, सुनंदाची सासूसुद्धा तिच्या हातून गोळी घेत नाही. म्हणते, तू एक म्हातारी मारलीस.” मेघनाने कोथिंबीर पाण्यात टाकली. “बरं झालं. भोगू दे.”

तिच्या आवाजात समाधान होतं. आईवर तिचं प्रेम होतं, म्हणूनच होतं. आणि मागे माझ्या खोलीत, उघड्या स्क्रीनवर, तो एक उभा होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. प्लगचं, चष्म्याचं, आधी प्लग लावला आणि मग आईला उचललं त्याचं. दिव्याचंही. दिव्याचं ती बहुधा ऐकतच नव्हती.

“म्हणजे तू तिला पाठवलं होतंस.”

“हो.”

“आणि मी तिला मारलं. सगळ्या बिल्डिंगसमोर.” तिने ओले हात पदराला पुसले, परत परत पुसत राहिली. “तुझ्या शब्दावर मारलं मी तिला. आणि तू खिशात चष्मा घालून बघत होतास.”

“आईच्या फोटोसमोर रोज माफी मागतो मी...”

“आई गेल्या. त्यांना काय फरक पडतोय? मेलेल्यांची माफी मागणं सोपं असतं रे. जी रोज जिवंत मरतेय तिच्या दारात जायची हिंमत आहे का तुझ्यात?”

दुसऱ्या दिवशी, दुपारीच, आम्ही दोघं भाईंदर पूर्वेला गेलो. आमच्या जुन्या खोलीपासून फार लांब नाही. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, दाराबाहेर पिंपं. सुनंदाची खोली शेवटची. बेल नव्हती, जुन्या पद्धतीची लोखंडी कडी होती. मी कडी वाजवली. आणि हात त्याच्या सवयीने गेला – दोनदा, मग थांबून एकदा. वाजवल्यावर माझ्या लक्षात आलं.

आतून भांडं ठेवल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग अगदी दाराला चिकटून, हळू, “आजी, नका ना हो... मी नाही टाकून गेले तुम्हाला. कितीदा सांगू?”

मेघनाने माझा दंड पकडला.

“सुनंदा,” मी म्हणालो, “मी आहे. साहेब.”

दार उघडलं. तिने मला बघितलं, मेघनाला बघितलं, आणि आमच्या मागे रिकाम्या बोळात बघितलं. ती भिंतीला टेकली.

“आज पहिल्यांदा दारात माणूस आहे,” ती म्हणाली. “रोज दुपारी अशीच वाजते. उघडलं की कोणी नसतं. म्हणून घरी असले की उघडतच नाही आता.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“झाले की आठ-नऊ दिवस. आधी नव्हतं. आधी लोकच बोलायची, आता आजी पण लागल्या.” तिने कडीकडे बोट दाखवलं. “मला वाटलं, त्या पण मलाच धरून बसल्या. त्यांना तर खरं माहीत होतं ना, साहेब? तुम्ही पाठवताय हे त्यांना सांगूनच नाही का मी निघाले?”

आठ-नऊ दिवस. मी ८२१९ बंद केला तेव्हापासून. मी माझा दरवाजा लावून घेतला आणि ती हाक चालत चालत या बाईच्या दारात आली होती. जिने काही केलं नव्हतं तिच्या दारात.

मी तिथेच हात जोडले. “सुनंदा, मी...”

“थांबा.” तिने तळहात वर केला. “इथं नको.”

“अगं, पण...”

“इथं कोण ऐकतंय? ही पिंपं? माफी मागून मोकळे होणार, रिक्षात बसून जाणार. माझ्या सासूने काल मी दिलेली गोळी थुंकून टाकली, साहेब.” मग मेघनाकडे वळून म्हणाली, “ताई, तुमचा हात लागला, पण मारलं ह्यांनी. तुमच्याशी माझं काही नाही.” मेघना रडायला लागली. सुनंदाने तिला पाणी दिलं, मला विचारलं नाही. मला म्हणाली, “जिथे मारलं तिथे बोला. तेवढ्याच माणसांसमोर. मी येईन. वॉचमनला सांगून ठेवा, मला आत सोड म्हणून.”

घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती बंद करणारी ओळ काढून टाकली. दिवा लगेच लागला. दोन, एक. सुनंदाकडे नंतर चौकशी केली, त्या दिवसापासून तिच्या दाराची कडी वाजलेली नाही. माझ्याकडे दिवा अजून लागतो. वाटलं होतं, खरं बोललो की थांबेल. अशा गोष्टींत थांबतं ना शेवटी... नाही थांबलं. हे लिहितोय तेव्हाही टेबलावर आहे तो. दुपारी दिवा लागला की मी उठतो, पॅसेजमधून आईच्या खोलीत जातो, रिकाम्या पलंगापाशी उभा राहतो आणि परत येतो.

कारण मला सापडलेलं नाही. अनिकेत म्हणतो, चिपमध्येच दोष असणार. असेल. पण दोष असलेली चिप आमच्या घरची कडी कुठून शिकली? आणि भाईंदरच्या बोळातल्या लोखंडी कडीला कुठली चिप होती? या सदरात कोणाला माहीत असेल तर सांगावं. मी आता हसणार नाही.

राहिला तो माफीचा रविवार. लॉबीत सेक्रेटरी, वॉचमन, अँब्युलन्सच्या दिवशी जमलेले बहुतेक सगळे. मीच ग्रुपवर बोलावलं होतं, कशासाठी ते न सांगता. सुनंदा इस्त्रीची साडी नेसून आली आणि त्या दिवशी जिथे उभी होती नेमकी तिथे उभी राहिली. मी बोललो. माझा आवाज निघत नव्हता. संपल्यावर सेक्रेटरी म्हणाला, “चलो, हो गया. बाई, छोड़ दो अब, बड़े आदमी ने माफी माँग ली.”

सुनंदाने त्याच्याकडे बघितलंही नाही. “मागे ऐकू नाही गेलं,” ती मला म्हणाली. “परत बोला.”

मी लगेच परत बोललो, पहिल्यापासून, मोठ्याने. कोणीतरी फोनवर शूटिंग करत होतं. करू दिलं.

लिफ्ट वर गेली, खाली आली, उघडली, बंद झाली. कोणी हललं नाही. मला वाटलं झालं. मग ती म्हणाली, “आता अजून एकदा.”

आणि मी बोललो –

“सुनंदाबाई न सांगता गेल्या नव्हत्या. मी पाठवलं होतं, माझ्या चष्म्यासाठी. जाताना त्या मला बेलकडे लक्ष ठेवा म्हणाल्या होत्या. आई बेल वाजवत होती, मला ऐकू येत होती, म्हणून मी प्लग काढला. माझी आई माझ्यामुळे गेली. आणि मी ते यांच्या अंगावर ढकललं, यांना मार बसला, मी बघत उभा राहिलो. सुनंदाबाई, माझं चुकलं. मला माफ करा.”